कंपनोपचार, कंबरदुखीवरील

जुनाट कंबरदुखीवर यांत्रिक कंपनांनी केला जाणारा उपचार. रुग्ण गुडघे किंचित वाकवून थरथरत्या फळीवर उभा राहतो. पायांवाटे चढणाऱ्या हादऱ्यांनी स्नायू आपोआप आकुंचन पावतात.

गंमत अशी, की ट्रॅक्टर-ट्रक चालवणाऱ्यांची कंबर धरते तीही बऱ्याचदा कंपनांमुळेच. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ आवर्तनांना सर्वाधिक हिंदकळतो. उपचारयंत्रे त्याहून जलद आणि काही मिनिटांपुरतीच चालतात.

बर्लिनमध्ये रिटवेगर व सहकाऱ्यांनी ६० रुग्णांवर घेतलेली चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला १८ हर्ट्झची कंपने, दुसऱ्याला कंबरेच्या स्नायूंचा व्यायाम. तीन महिन्यांत दुखणे दोन्हींकडे जवळपास सारखेच उतरले. म्हणजे यंत्र निरुपयोगी नाही, पण व्यायामाला वरचढही नाही.

गरोदरपणी आणि ताज्या अस्थिभंगात हा उपचार वर्ज्य मानतात.