हॅरिस, वेन
(१९३८–२०१५). कॅनडियन फुटबॉलमधील मधल्या फळीचा बचावपटू (मिडल लाइनबॅकर). जन्म अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात. आर्कान्सा विद्यापीठाकडून खेळल्यावर १९६१ मध्ये तो कॅल्गरी स्टँपीडर्स संघात आला आणि १९७२ पर्यंत, म्हणजे सगळी कारकीर्द, तिथेच खेळला. या जागेसाठी तो अंगाने तसा किरकोळच; तरी धडक अशी जबर, की ‘थंपर’ हे टोपणनाव त्याला कायमचे चिकटले. कॅनडियन खेळात मैदान अमेरिकन मैदानाहून लांब-रुंद, संघात बारा खेळाडू आणि दहा यार्डांसाठी तीनच संधी. त्यामुळे चाल आधी ओळखून धावणाऱ्याला वाटेतच गाठणे महत्त्वाचे. हॅरिसचा हातखंडा तोच. कॅनडियन फुटबॉल लीगचा सर्वोत्कृष्ट लाइनमन हा किताब त्याने चारदा मिळवला (१९६५, १९६६, १९७०, १९७१).

१९७१ चा ग्रे कप (लीगच्या विजेतेपदाचा चषक) अंतिम सामना व्हँकूव्हरच्या ओल्या मैदानावर झाला. प्रतिस्पर्धी टोराँटो संघ विजयाच्या दाराशी असताना त्यांचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू लिऑन मक्वे घसरला, चेंडू हातून सुटला. कॅल्गरीने १४–११ असा सामना जिंकून १९४८ नंतर प्रथमच चषक मिळवला. सामनावीर ठरला हॅरिस, एक बचावपटू! १९७६ मध्ये कॅनडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याचा ५५ क्रमांक संघाने पुढे कोणालाही दिला नाही.