प्यादं दिलं आणि डाव घेतला : कास्पारोवची १९८५ ची ‘डी-५’ चाल

मॉस्को, १५ ऑक्टोबर १९८५. जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या लढतीतला सोळावा डाव. पंधरा डावांनंतर गुण ७.५-७.५, म्हणजे अगदी बरोबरीत. पांढरी मोहरी जगज्जेता अनातोली कार्पोवकडे, काळी २२ वर्षांच्या गॅरी कास्पारोवकडे. लढत २४ डावांची होती आणि १२-१२ अशी बरोबरी झाली तर किताब कार्पोवकडेच राहणार होता. थोडक्यात, जिंकायची गरज कास्पारोवला होती. त्याने आठव्याच चालीला एक प्यादं पुढे सरकवलं आणि ते चक्क मारू दिलं.

पट आधी समजून घेऊ. घराच्या नावातलं अक्षर उभी पट्टी सांगतं आणि अंक आडवी ओळ. डावाची सुरुवात सिसिलियन बचावाने झाली. कार्पोवची दोन प्यादी सी-४ आणि ई-४ वर बसली होती. या दोघांची नजर मधल्या डी-५ घरावर असते, त्यामुळे काळ्याचं प्यादं तिथे आलं की मारलं जातं. या रचनेला ‘मारोत्सी बंध’ म्हणतात. काळ्याने अशा वेळी मोहरी मागच्या तीन ओळींत मांडून संधीची वाट बघायची, ही रूढ पद्धत. कास्पारोवने वाट बघितली नाही. डी-६ वरचं प्यादं त्याने एकच घर पुढे, नेमकं डी-५ वर टाकलं.

दोन्हीकडून मारामारी झाली आणि कार्पोवचं एक प्यादं वरचढ झालं. मग कास्पारोवला मिळालं काय? मधल्या पट्ट्या मोकळ्या झाल्या, काळ्याच्या दोन्ही उंटांना वाट मिळाली. शिवाय कार्पोवचा एक घोडा चार चाली खर्चून ए-३ वर, पटाच्या कडेला जाऊन बसला होता. पटाच्या मध्यावर घोड्याला आठ घरं मिळतात, ए-३ वरून चारच. म्हणजे भांडण मधे पेटलं तेव्हा कार्पोवचा एक गडी बांधावर उभा होता.

खरं तर ही चाल कोरी नव्हती. हंगेरीच्या पीटर डेलीने ती आधी खेळली होती, म्हणून तिला ‘डेली गॅम्बिट’ असंही नाव आहे. याच लढतीच्या बाराव्या डावात कास्पारोवनेही ती खेळून पाहिली होती. तेव्हा प्यादं परत मिळालं आणि डाव १८ चालींत बरोबरीत सुटला. सोळाव्या डावात मात्र अकराव्या चालीला प्यादं परत घेता येत असतानाही त्याने घेतलं नाही. उलट उंट सी-५ वर आणला. खरी छाती लागली ती इथे.

कार्पोवने मिळालेलं प्यादं राखायचं ठरवलं आणि त्यासाठी उंट एफ-३ वर नेला. आता त्याचा उंट त्याच्याच प्याद्यामागे अडकला. पुढे सोळाव्या चालीला काळ्याचा घोडा डी-३ वर, कार्पोवच्या घरातच जाऊन बसला. तिथून तो सी-१ आणि ई-१ ही दोन्ही घरं धरून होता, त्यामुळे पांढऱ्या हत्तींना हलायला जागा उरली नाही. बी पट्टीतलं काळं प्यादं बी-४ पर्यंत आलं आणि पांढऱ्या घोड्यांची वाटही बंद झाली. एक घोडा ए-४ वर, दुसरा माघारी बी-१ वर. प्यादं जास्त असूनही धड चाल सापडेना, अशी जगज्जेत्याची गत झाली.

एकविसाव्या चालीला कास्पारोवने जी-५ हे प्यादंही ढकललं, तेही स्वतःच्या राजासमोरचं. एरवी हा उतावीळपणा ठरला असता. पण समोरच्याचे हातपाय बांधलेले असल्यामुळे तो पचला. कार्पोवने २८ व्या चालीला ते जास्तीचं प्यादं पुढे सोडून दिलं, ते काळ्या वजिराने टिपलं. डी-३ वरचा घोडा शेवटी ३४ व्या चालीला मारला गेला, पण त्यासाठी कार्पोवला वजीर द्यावा लागला. काळ्याच्या ४० व्या चालीनंतर त्याने डाव सोडला.

गुण झाले ८.५-७.५. कास्पारोवने ही आघाडी पुढे सोडली नाही. ९ नोव्हेंबरला तो १३-११ ने लढत जिंकून तेव्हाचा सर्वात तरुण जगज्जेता झाला.

या प्याद्याची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, ब्रसेल्सच्या स्पर्धेत नेदरलँड्सच्या जॉन व्हान डर वीलने कार्पोवविरुद्ध हीच चाल खेळली. कार्पोव या वेळी उत्तर घेऊनच आला होता. बाराव्या चालीला त्याने कॅसलिंग न करता उंट ई-३ वर आणला. काळ्याने तो उंट मारला की वजिराचा ए-४ वरून शह बसतो आणि बी-४ वरचा घोडा हाती लागतो. पुढे आणखी एक शह बसून काळ्या राजाला हलावं लागतं आणि त्याचं कॅसलिंगही जातं. तो डाव कार्पोवने जिंकला. त्यानंतर वरच्या पातळीवर ही चाल जवळपास दिसेनाशी झाली. मॉस्कोतही बाराव्या चालीला तो उंट तिथेच होता आणि ई-३ हे घरही मोकळंच होतं.