वाय-फाय की स्वातंत्र्य? डेबियनने काढलेली वाट

२०२१ च्या हिवाळ्यात नोएडाच्या घरी मी एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकायला बसलो. वाय-फायची चिप सापडली, पण चालेना. स्क्रीनवर संदेश आला : फर्मवेअर नाही. शेजारचा इंजिनिअर मुलगा हसून म्हणाला, "अंकल, ये डेबियन है, उसूलों का पक्का." केबल जोडून काम भागलं, पण हा कसला उसूल, हे शोधावंसं वाटलं.

१९८० च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका प्रिंटरचा सोर्स कोड हवा होता, तो मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणं, तपासणं, बदलणं आणि वाटणं, ही चारही स्वातंत्र्यं सर्वांना हवीत, हा त्यांचा आग्रह. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांचं लिनक्स आलं आणि १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं.

१९९७ मध्ये डेबियनने आपला 'सामाजिक करार' लिहून काढला. डेबियन पूर्णपणे मुक्त राहील, हे एक वचन. वापरणाऱ्यांचं हित आधी पाहू, हे दुसरं. पण चिपच्या आत चालणारं फर्मवेअर कंपन्या बहुधा बंद पेटीसारखं देतात, आत काय आहे ते दाखवत नाहीत. मग दोन्ही वचनं कशी पाळायची? डेबियनने अशा गोष्टींसाठी 'नॉन-फ्री' हा वेगळा विभाग ठेवला : उपलब्ध, पण अधिकृत प्रणालीच्या बाहेर. स्टॉलमन यांच्या संस्थेला एवढंही मान्य नाही. तिच्या शिफारस यादीत डेबियन नाही. उलट २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उभ्या राहिलेल्या उबुंटूने बंद ड्रायव्हर सहज मिळू दिले आणि घराघरांत जागा मिळवली.

पुढे बंद फर्मवेअरशिवाय न चालणारी यंत्रं वाढत गेली. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून करारातच दुरुस्ती केली. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येतं. पण त्याचा विभाग स्वतंत्र असतो, आणि नको असेल तर ते बंद ठेवता येतं.

आपला काय संबंध? सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारित 'माया' बसवत आहे. म्हणजे हा वाद साउथ ब्लॉकच्या दारात पोचला आहे. कारकुनाचा प्रिंटर चालला नाही, तर तो चार दिवसांत जुनी प्रणाली परत मागेल. आणि आपण तपासू शकत नाही असा कोड आत असेल, तर ती संरक्षणफळीतली फट आहे.

फौजेत आम्हाला शिकवलं होतं : प्रत्येक फट बुजवता येत नाही, पण ती नकाशावर दाखवलीच पाहिजे. खुणेने दाखवलेल्या फटीवर पहारा बसवता येतो. डेबियनने तडजोड केली, पण चर्चा करून, मत घेऊन आणि पाटी लावून. आपल्या सरकारी प्रणालींनीही बंद भागांची यादी अशीच उघड ठेवावी, एवढं मागायला आपल्याला अडचण नसावी.

जय हिंद.