तळटीप : गोळ्यांची चकती

३. गोळ्यांची चकती : स्पीडलोडर, रिव्हॉल्व्हरच्या सर्व घरांत एकदम गोळ्या भरण्याचे साधन. प्रिडो या इंग्रज गृहस्थाने वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी त्याचे पेटंट १८९३ मध्ये घेतले. पुढे दोन प्रकार रुळले : एकात खुंटी पिळल्यावर, दुसऱ्यात नुसते दाबल्यावर गोळ्या सुटतात. दाबण्याचा प्रकार अधिक जलद. चकतीऐवजी रबरी पट्टी वापरली तर एका वेळी एक-दोनच गोळ्या भरता येतात, पण ती खिशात सपाट बसते. घरांची संख्या, मांडणी आणि गोळीचा व्यास जुळला तरच चकती उपयोगी. पण वेग हीच कसोटी नव्हे. दारूगोळ्यापाशी सावधपणा आधी, हे विसरू नये. — संपा.