कर्जाची योजना आहे, पण जागा? देवपूरचे छोटे व्यवसाय आणि शहराचा विकास आराखडा

धुळे शहरात पांझरा नदीच्या उत्तरेला देवपूर आहे. शाळा-कॉलेजांमुळे इथे बाहेरगावच्या मुलांची वर्दळ असते. खानावळी, झेरॉक्सची दुकाने, शिवणकाम, मसाला आणि पिठाच्या गिरण्या, दुचाकी दुरुस्ती, फॅब्रिकेशन अशा व्यवसायांना त्यातून गिऱ्हाईक मिळते. आपल्या समाजातले असे बरेच व्यवसाय घराच्या पुढच्या खोलीत चालतात. धंदा जमला की दुसरे मशीन घ्यावे लागते, दोन माणसे ठेवावी लागतात. तिथे पैशाच्या आधी जागेचा प्रश्न उभा राहतो. कोणत्या जागेवर काय चालेल हे शहराचा विकास आराखडा ठरवतो, आणि आपल्याकडे तो नकाशा फारसा कुणी उघडून पाहत नाही.

आराखड्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. निवास, व्यापार, उद्योग, बाजार, शाळा यांसाठी कोणती जमीन हे त्यानुसार ठरते. बांधकाम आणि वापराचे बारीक नियम राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. ती डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. निवासी भागात छोट्या सेवा उद्योगांना ती परवानगी देते, पण यंत्राची अश्वशक्ती, कामगारांची संख्या आणि जागेचे क्षेत्रफळ यांवर मर्यादा घालते. शिवाय समोरचा रस्ता किती रुंद आहे, यावर निवासी भागातही कोणता व्यवसाय चालेल हे अवलंबून असते. रुंद रस्त्यावरच्या घरमालकाला जे सहज मिळते, ते गल्लीतल्या माणसाला मिळत नाही. जुन्या वस्त्यांचे रस्ते मुळातच अरुंद. त्यामुळे नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा भार वस्तीवर जास्त पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठे कर्ज मागताना बँक जागेचे कागद आणि परवाने पाहते, तेव्हा हा भार रुपयांत दिसू लागतो.

योजनांची रचनाही सुरुवातीकडे झुकलेली आहे. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली स्टँड-अप इंडिया १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जासाठी होती, पण फक्त नव्या व्यवसायाला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातही पहिले कर्ज नव्या उद्योगालाच मिळते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला त्यात शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. चालू उद्योगाच्या वाढीसाठी याच कार्यक्रमात दुसऱ्या कर्जाची सोय आहे. उत्पादन उद्योगाला १ कोटीपर्यंतचा प्रकल्प आणि १५ टक्के अनुदान. पहिले कर्ज वेळेत फेडलेले असणे ही त्याची अट. जिल्हा उद्योग केंद्रात जाणाऱ्यांपैकी अनेकांना पहिले कर्ज माहीत असते, दुसऱ्याचे नावही ऐकलेले नसते.

मग औद्योगिक वसाहतीत जावे का? अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना २०१६ पासून आहे. मध्यम आकाराच्या कारखान्याला तिचा उपयोग होऊ शकतो. पण अवधानची एमआयडीसी देवपूरहून नदी ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि नरडाणा तर शिंदखेडा तालुक्यात. घर सांभाळून मसाला दळणाऱ्या बाईसाठी तिथला भूखंड म्हणजे व्यवसायाची वाढ नसून स्थलांतर आहे. तिला हवा आहे वस्तीजवळ, रुंद रस्त्यावर, परवडणाऱ्या भाड्याचा गाळा. हे काम एमआयडीसीचे नाही. ते महापालिकेच्या आराखड्यातच बसते.

माल विकण्याच्या बाजूला एक चांगली तरतूद आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. उद्यम नोंदणी हवी, आणि जातीचा दाखलाही. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या कायद्याने मिळाला. तरी आपला दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे की राज्याच्या, हे अर्जाआधीच तपासावे.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरच्या आपल्या निबंधात शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवायला हवा असे मांडले होते. खानदेशात तो मुद्दा आजही जुना वाटत नाही. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, आणि मार्ग धुळ्यावरून. काम पुढे सरकेल तसे जमिनीचे भाव चढतील. गाळ्यांसाठी आणि बाजारासाठी जागा राखायची तर भाव चढण्याआधीच.

आराखडा किमान २० वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ खाली हरकती-सूचना देता येतात, त्यांवर सुनावणी होते. मुदत महिन्याभराची असते आणि ती बघता बघता संपते. आरक्षण एकदा पडले की काम झाले असेही नाही. १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. म्हणून नगरसेवकाला अंदाजपत्रकाच्या वेळी भूसंपादनाचे विचारत राहावे लागते. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा वेगळा आहे. त्यातील शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

हरकत लिहिताना ‘आमच्या वस्तीला बाजार द्या’ एवढ्याने भागत नाही. नकाशाचा शीट क्रमांक, सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक, रस्त्याची सध्याची रुंदी आणि तिथे आज चालणाऱ्या व्यवसायांची यादी जोडावी. प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यावा, आवक शिक्क्याची प्रत घरी ठेवावी आणि सुनावणीच्या दिवशी दुकान बंद ठेवून का होईना, हजर राहावे.