कमरेवरचा काच

कर्करोग म्हटला कीं माणसाचें लक्ष शरीराच्या आंतल्या भागाकडे जातें. परंतु या रोगाचा एक प्रकार कातडीवर, डोळ्यांदेखत वाढतो. आणि तरीहि तो उशिरां ओळखला जातो. त्याचा इतिहास हर्णेसारख्या बंदरांतील माणसांस जवळचा वाटावा असा आहे.

गोऱ्या लोकांच्या देशांत या रोगाचें मुख्य कारण ऊन. १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत दूरचित्रवाणीवर एक कुरव पक्षी नाचतांना दाखवून लोकांस अंगांत सदरा, त्वचेवर मलम व डोक्यावर टोपी घालण्याचा उपदेश सुरू झाला. सुवर्णदुर्गासमोरच्या वाळूवर मासळीचा लिलाव करणाऱ्या कोळी स्त्रीपुरुषांचा दिवसहि उन्हांतच जातो. पण सावळ्या कातडींतील रंगद्रव्य त्यांचें पुष्कळ रक्षण करतें. त्यामुळें केवळ उन्हाचा उपदेश येथें पुरेसा नाहीं. येथें पाहावयाची जागा निराळी आहे, हें मुंबईच्या एका संशोधकानें दाखवून दिलें.

परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं रोगाबरोबर रोग्याच्या राहणीचाहि विचार केला. १९४५ सालीं त्यांनीं सूर्याबाई यांच्यासह चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. धोतराच्या काचानें कमरेवर होणारा कर्करोग त्यांत होता. काश्मीरांत पोटाशीं निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांस होणारा कर्करोग वैद्यांस त्यापूर्वींच ठाऊक होता. दोहोंचें मर्म एकच. एकाच जागीं वर्षानुवर्षें त्रास झाला म्हणजे कातडी काळवंडते, जाड होते, चिरते. व्रण पडतो, आणि न भरलेल्या व्रणांतून क्वचित् कर्करोग उठतो.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट नव्हे. २०२४ सालीं वर्धा व बिहार येथील वैद्यांनीं दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक परकराची नाडी घट्ट बांधीत असे. दुसरी परकराविना लुगडें कसून नेसत असे. दोघींनीं कमरेवरची जखम दीड-दोन वर्षें अंगावर काढली होती. लुगडें नेसणारीच्या जांघेंतील गांठींत रोग पोंचला होता. ज्या किनाऱ्यावर कामासाठीं लुगडें कसून बांधण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथें ही हकीकत परकी वाटूं नये.

मग लोकांस सावध कसें करावें? १९८७ सालीं बार्शी येथें ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गांवोगांव जाऊन रोगाचीं लक्षणें समजावून सांगत. कांहीं वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या. मोठीं यंत्रें न आणतां, समजुतीच्या चार शब्दांनीं हें घडलें. रत्नागिरी जिल्ह्यांतहि डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानें टाटा रुग्णालयाच्या सहकार्यानें गांवांगांवांतून कर्करोगाच्या तपासणीचें काम केलें आहे.

कमरेच्या व्रणाविषयींचे शब्द तर फारच थोडे आहेत. गांठ सैल ठेवावी, तिची जागा बदलीत जावी, अरुंद नाडीऐवजीं रुंद पट्टी वापरावी, घामानें भिजलेली कमर धुऊन कोरडी करावी. जखम महिनाभरांत भरली नाहीं, तर वैद्यास दाखवावी. संकोचानें झांकलेली जखम बाहेरच्या कोणासच दिसत नाहीं. म्हणून पहिला पहारा ज्यानें त्यानें स्वतःच करावयाचा आहे.