पंचांग, वेळापत्रक आणि कोंकणचा समुद्र



नकाशावर मुंबईपासून गोव्यापर्यंतचा किनारा पाहिला, तर तो करवतीच्या दांत्यांसारखा दिसतो. थोड्या थोड्या कोसांवर एखादी खाडी आंत शिरलेली, तिच्या मुखाशीं एखादें बंदर, आणि पुष्कळदां त्या बंदरावर नजर ठेवणारा एखादा किल्ला. चेऊल, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण हीं नांवें आपण लढायांच्या निमित्तानें वाचतों. परंतु लढाई कधींकाळीं एखादी होई; गलबतांना रात्रीचा आसरा देण्याचें काम हीं बंदरें वर्षांतून आठ महिने करीत. कोंकणांत जलप्रवास करणाराला ‘केव्हां निघावें’ याच्या बरोबरीनें ‘रात्र कोठें काढावी’ याचाही विचार करावा लागे. हा विचार पूर्वीं कसा होत असे आणि आगबोटी आल्यावर त्यांत काय फरक पडला, तेवढेंच आज सांगण्याचा हेतु आहे.

शिडाच्या गलबताची वाट वारा ठरवितो. पावसाळा सरल्यावर आपल्या किनाऱ्यावर रात्रीं व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई म्हणतात. दुपारीं जमीन तापली म्हणजे तो उलटतो आणि समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुटतो. म्हणून तांडेल पहाटेच्या मतलईवर नांगर उचली, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर दक्षिणेची मजल मारी, आणि तोच वारा त्याला संध्याकाळीं पुढल्या खाडींत नेऊन सोडी. उत्तरेस यावयाचें असलें कीं हा हिशेब फिरे. दुपारचा वारा तोंडावर येई, आणि मतलईच्या भरंवशावर किनाऱ्याकिनाऱ्यानें यावें लागे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांतही कल्याण, चेऊल आणि त्यांच्या दक्षिणेकडील बंदरें अशींच एकामागून एक ओळीनें सांगितलीं आहेत.

वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटी. पुष्कळ खाड्यांच्या मुखाशीं वाळूचा दांडा असतो. ओहोटीला त्यावरून भरलेलें गलबत जात नाहीं. मुंबईकडे यासाठीं एक सोपें गणित रूढ आहे. पंधरवड्यांतील तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां, दिवसा आणि रात्रींही, सुमारानें पूर्ण भरती. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. शाळेंत भूगोल शिकवितांना हें गणित मी फळ्यावर मांडलें कीं खाडीकांठचीं मुलें हसत, कारण तें त्यांना घरींच येत असे. समजा, अष्टमीच्या दिवशीं मुंबईहून धरमतरास जावयाचें आहे. सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. दुपारनंतर पाणी चढूं लागलें कीं रेवसाच्या मुखांतून आंत शिरावें, म्हणजे पाणीच आपल्याला धरमतराकडे नेतें. ती वेळ चुकली, तर रेवसालाच थांबून मध्यरात्रीनंतरच्या भरतीची वाट पाहावयाची. हा मुक्काम कोणी संकट समजत नसे. शिदोरी त्या बेतानेंच बांधलेली असे.

मोठ्या मोहिमांनाही हा विचार सुटलेला नव्हता. १६६५ च्या फेब्रुवारींत शिवाजी महाराज मालवणास जहाजावर चढले आणि दक्षिणेस बसरूरपर्यंत गेले. त्यांच्याबरोबर तीन मोठीं जहाजें आणि ८५ लहान गलबतें होतीं, असें त्या वेळच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत आहे. परततांना त्यांनीं गोकर्णास महाशिवरात्रीचें स्नान केलें. मग बरेंचसें सैन्य व आरमार पुढें लावून देऊन, नद्या उतरण्यापुरतीं १२ गलबतें ठेवून, आपण खुष्कीनें अंकोला आणि कारवार यांच्याकडे वळले. त्या दिवसांत उत्तरेकडची वाट तोंडावरच्या वाऱ्याची असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे जलमार्ग कोठें धरावा आणि कोठें सोडावा, याचा बेत किती महत्त्वाचा असतो तें कळतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या किनाऱ्यावर आगबोटी फिरूं लागल्या. आगबोटीला वाऱ्याची गरज नव्हती. ती रात्रभर चाले. त्यामुळें मुक्काम गेला आणि त्याच्या जागीं थांबा आला; पंचांग मागें पडलें आणि छापील वेळापत्रक पुढें आलें. कोंकणच्या माणसाला ही केवढी सोय झाली! मुंबईच्या गिरणींत राबणारा चाकरमानी शिमग्याला घरीं जाऊन वेळेवर कामावर परत येऊं लागला. तरीही समुद्रानें आपला हक्क पुरता सोडला नव्हता. हर्णै, मालवण, वेंगुर्लें अशा ठिकाणीं बोट दूर पाण्यांत उभी राही आणि उतारूंना बायकामुलांसह, वळकट्या-ट्रंकांसह हेलकावणाऱ्या पडावांत उतरावें लागे. पावसाळ्यांत ही लांबची वाहतूक बंदच असे. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ दिल्यावर कोळी आणि खलाशी पुन्हां बाहेर पडत.

परंतु वेळापत्रकानें एक गोष्ट नकळत बदलली. ‘आज निघूं नये’ असें सांगण्याचा अधिकार पूर्वीं तांडेलाचा होता, आणि त्याच्या शब्दावर उतारू मुकाट्यानें धर्मशाळेंत पथारी पसरीत. आतां सुटण्याची वेळ आधींच छापलेली, तिकिटें विकलेलीं, लोक धक्क्यावर उभे. अशा वेळीं ‘नको’ हा शब्द तोंडांतून निघणें कठीण झालें. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या; नोव्हेंबर हा तर समुद्र निवळल्याचा महिना. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघाली. दिवस आषाढांतील अमावास्येच्या सुमाराचे, म्हणजे उधाणाचे; हवा पावसाळी. प्रवास तर मुंबईच्या दारांतला, थोड्या वेळाचा. पण काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. पलीकडच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत त्या दिवशीं वाट पाहिलेलें माणूस पुन्हां आलेंच नाहीं.

अशा अपघाताला एकच कारण नसतें, आणि बुडालेल्यांना दोष देणें तर अगदींच अनुचित. तथापि एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं कीं, उधाण कोणत्या दिवशीं येतें हें पंचांगाला कळतें, वेळापत्रकाला कळत नाहीं. जवळच्या मजलेस धोका कमी, ही समजूतही त्या दिवसानें खोटी ठरविली.

कोंकणच्या आगबोटींची ती जुनी वाहतूक पुढें बंद पडली, आणि १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यावर बहुतेकांना समुद्राची वाट उरली नाहीं. तरी ती वाट पुरती मोडलेली नाहीं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसकट माणसें नेणारी बोट २०२० मध्यें सुरू झाली, आणि पुढेंमागें लांबच्या बंदरांकडेही लोक पुन्हां वळतील. त्यांना माझें सांगणें एवढेंच. बेत आंखतांना तिथि पाहावी, भरतीची वेळ काढावी, हवामानखात्याची सूचना ऐकावी. मधल्या कोणत्या बंदरीं रात्र काढतां येईल तें आधींच विचारून ठेवावें, आणि एका दिवसाची शिदोरी जास्त घ्यावी. बोटीवरचा जाणता माणूस ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. घरीं निरोप पाठवावा, कीं आम्ही उद्यां येतों.